स्टोरीवीव्हर : सीमाभागातल्या बालवाडीत समतेची चित्रपुस्तकं

बंगळूरच्या प्रथम बुक्स या ना-नफा प्रकाशन संस्थेने 2015 साली सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर चित्रपुस्तकं फुकट मिळतात, हे बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या बऱ्याच शिक्षकांना ठाऊक आहे. पण आपल्याकडे त्याची खरी किंमत फुकटपणात नाही. एकच गोष्ट, तीच चित्रं, मराठीत आणि कन्नडमध्ये अशी दोन्हीकडे सापडते. शाळेत मराठी माध्यम, पहिलीपासून कन्नड विषय आणि गल्लीत खेळायला दोन्ही भाषांची पोरं, अशा मुलांसाठी याहून सोयीचं काही बाजारात नाही. उर्दू आणि कोकणीही आहेत. मात्र प्रत्येक पुस्तक प्रत्येक भाषेत असतंच असं नाही, त्यामुळे आधी कन्नड प्रत आहे का ते बघावं आणि मगच पुस्तक पक्कं करावं.

पुस्तकांना चार पातळ्या आहेत. पहिलीत 250 पर्यंत शब्द, दुसरीत 600 पर्यंत, तिसरीत 1500 पर्यंत, चौथी त्यापुढची. चार ते सहा वर्षांच्या मुलांना पहिली पातळी पुरते, पहिली-दुसरीच्या वर्गाला दुसरी. तिसऱ्या पातळीचं पुस्तक बालवाडीत एका बैठकीत संपत नाही आणि अर्धवट राहिलेल्या गोष्टीत अन्याय तेवढा लक्षात राहतो, त्याचं पुढे काय झालं ते नाही.

निवडीतच बहुतेकांची गाडी अडते. ‘सामाजिक न्याय’ लिहून शोधण्यापेक्षा गोष्टीत काय घडतं ते बघावं: कुणाला खेळात घेत नाहीत, कुणाला पाणी भरायला जावं लागतं म्हणून शाळा बुडते, कुणाला रंगावरून चिडवतात. मग शेवटची दोन पानं आधी वाचावीत. अडचण कुणी सोडवली? श्रीमंत मुलाने जुनी वही दिली आणि गरीब मूल हसलं, असा शेवट असेल तर ते दानाचं पुस्तक आहे, न्यायाचं नाही. चाकाच्या खुर्चीतल्या मुलीने सामना जिंकून दिला आणि मगच सगळ्यांनी तिला जवळ केलं, हाही फसवा प्रकार. नाही जिंकली तर तिला खेळात घ्यायचं नाही का? त्यानंतर मजकूर झाकून नुसती चित्रं चाळावीत. झाडू कुणाच्या हातात आहे, ओट्याशी कोण उभं आहे, मधोमध कोण बसलंय. मजकूर समतेचा आणि चित्र जुन्याच वळणाचं, असं झालं तर मूल चित्रावर विश्वास ठेवतं.

मराठी भाषांतरांचा दर्जा एकसारखा नाही. प्रथम बुक्सची स्वतःची पुस्तकं सहसा नेटकी असतात. वापरकर्त्यांनी टाकलेल्या गोष्टी मात्र एकदा मोठ्याने वाचून बघाव्यात. जीभ अडखळली तर वर्गातही अडखळणार.

आता छपाई. मोबाइलवर दाखवलं तर दोन मुलांना दिसतं आणि बाकीची एकमेकांना ढकलतात, म्हणून कागदावर आणणंच बरं. जास्त रिझोल्यूशनची पीडीएफ घ्यावी, हलकी फाइल ए4 वर फुटते. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सचा मोह नको: त्वचेच्या रंगावरचं पुस्तक करड्या छटेत छापलं तर सगळे चेहरे सारखेच दिसतात आणि गोष्टीतला मुद्दाच पुसला जातो. बरीच पुस्तकं आडव्या पानाची असल्याने मधून दुमडून पिन मारायचा बेत फसतो. मुलांनी हाताळायची प्रत असेल तर एका ए4 वर दोन पानं वर-खाली छापून मधोमध कापावीत, डावीकडे 15 मिलिमीटर जागा सोडून पिन मारावी.

गटासाठी मात्र सुटे पत्तेच उत्तम. एकेक चित्र दाखवत गोष्ट सांगायची, जपानमध्ये कामिशिबाई म्हणतात ती पद्धत. 100 जीएसएमच्या ए4 वर, एका बाजूला, एका पानावर एक चित्र. वाचणारी बाई चित्र मुलांकडे धरते, त्यामुळे मजकूर तिच्याकडच्या बाजूला हवा. इथे हमखास घोळ होतो, कारण प्रत्येक चित्राचा मजकूर त्याच चित्राच्या पाठीवर चिकटवला जातो. पुढचा पत्ता काढून मागे सरकवला की वाचणाऱ्याला त्याचीच पाठ दिसते. म्हणून पहिल्या पत्त्याच्या पाठीवर दुसऱ्या चित्राचा मजकूर, दुसऱ्याच्या पाठीवर तिसऱ्याचा, आणि पहिल्या चित्राचा मजकूर सर्वांत शेवटच्या पत्त्याच्या पाठीवर. वरच्या अर्ध्यात मराठी, खालच्या अर्ध्यात कन्नड. कन्नड शिकवणाऱ्या बाई शेजारी उभ्या राहिल्या तर दोघी आळीपाळीने वाचू शकतात. लॅमिनेशन टाळलेलं बरं, खिडकीचा उजेड चकाकतो आणि मागच्या मुलांना चित्रच दिसत नाही. इंकजेटची शाई ओल्या हाताने पसरते, तेव्हा शक्यतो लेझर प्रिंट काढावी.

आठ-दहा मुलांहून मोठा गट नको. पहिलं वाचन न थांबता करावं. दुसऱ्या वेळी दोनच जागी थांबायचं: अन्याय घडतो तिथे आणि कुणीतरी काही करतं त्याच्या आधीच्या पानावर. ‘हे बरोबर झालं का?’ आणि ‘तू तिथे असतास तर काय केलं असतंस?’ एवढे प्रश्न पुरेत. ‘तुमच्यात असं असतं का गं?’ हे कधीही विचारू नये. निपाणीत आई विड्या वळते, ऊसतोडीच्या हंगामात अर्धं घर बाहेर असतं, सौंदत्तीकडे देवदासी प्रथेमुळे काही घरांत वडिलांचं नाव हा नाजूक विषय असतो. प्रश्न पुस्तकातल्या मुलाला विचारावा, वर्गातल्या नाही. त्याच कारणाने गोष्टीनंतर ‘आई-बाबांचं चित्र काढा’ नको, ‘घरात जे जे राहतात त्यांचं’ काढायला सांगावं.

चार-पाच वर्षांच्या मुलांना न्याय म्हणजे सगळ्यांना सारखं, एवढंच पटतं. चिक्कीचे तुकडे मोजून वाटले की ती खूश. गरजेप्रमाणे वेगळं देणं साधारण सहा-सातव्या वर्षापासून उमजू लागतं. तेव्हा फळ्यावर बारीक अक्षर काढून, ज्याला दिसत नाही त्याला पुढच्या बाकावर बसवायचं की नाही, हे मुलांनाच ठरवू द्यावं.

एका बाबतीत हा साठा तोकडा पडतो. अपंगत्व, मुलगा-मुलगी, रंग यांवर बरंच आहे. जातीवर थेट बोलणारं लहान मुलांसाठी फार थोडं, बहुतेक ठिकाणी ‘गरीब’ या शब्दाआड सगळं झाकलेलं. मराठी-कन्नड चिडवाचिडवीचंही तेच. पण स्टोरीवीव्हरवर आपली गोष्ट रचता येते, तिथल्याच चित्रसंग्रहातली चित्रं घेऊन. डॉ. आंबेडकर 1925 साली बहिष्कृत परिषदेसाठी निपाणीला आले होते. त्या गावातल्या तिसरी-चौथीच्या मुलांसाठी बारा पानांची गोष्ट त्यातून सहज होईल. परवाना क्रिएटिव्ह कॉमन्सचा सीसी बाय 4.0 आहे, म्हणजे छापा, वाटा, बदला, विकासुद्धा. फक्त लेखक, चित्रकार आणि भाषांतरकाराची नावं आणि परवान्याचा उल्लेख ठेवायचा, काही बदललं असेल तर तसं नोंदवायचं. कागद वाचवायला शेवटचं नामावलीचं पान गाळलं जातं, ते गाळू नये. सुट्या पत्त्यांच्या संचात ती नावं पिशवीवर चिकटवली तरी चालतात.