गुडवीव्हचं लेबल असलेला गालिचा: घेण्याआधी उलटून बघा

लोकरीचा, हाताने गाठी मारलेला गालिचा घेतला. वीण दाट आहे, रंगही छान. पण मी तो घेतला मागच्या बाजूच्या छोट्याशा गुडवीव्ह लेबलसाठी. गालिचा बालमजुरांकडून विणून घेतलेला नाही, याची खूण म्हणून गुडवीव्ह ही संस्था हे लेबल देते. त्यावर प्रत्येक गालिच्याचा वेगळा नंबर असतो, त्यावरून माल कुणाकडून आला ते शोधता येतं. संस्थेचे तपासनीस आगाऊ न कळवता मागांवर जातात. तिथे कामाला लावलेलं मूल सापडलं तर त्याला सोडवून घरच्यांकडे पोहोचवणं, शाळेत घालणं हेही त्यांच्याच कामात येतं. मला हेच सर्वांत मोलाचं वाटतं, कारण नुसतं हाकललेलं मूल पुन्हा दलालाच्याच हाती लागायची भीती असते. बालहक्क कार्यकर्ते कैलाश सत्यार्थींनी १९९४ मध्ये 'रगमार्क' नावाने हे सुरू केलं.

आयएलओच्या (आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या) २०२२ च्या अहवालाप्रमाणे जगात ३३ लाख मुलं सक्तीच्या मजुरीत अडकलेली आहेत. कुणाच्या आईबापांना उचल दिलेली, कुणाला शिकवतो म्हणून नेलेलं.

एक दुकानदार मला म्हणाला, "लहान बोटांनी गाठ बारीक बसते." अंगाचा तिळपापड झाला. साफ खोटं आहे हे! बारीक काम हात बसलेल्या मोठ्या कारागिरांचंच असतं.

ऑनलाइन घेणार असाल तर लेबलचा नंबर दिसेल असा फोटो मागवा. विक्रेत्याने टाळाटाळ केली तर घेऊ नका.