पिन पार्वतीला निघालो आणि खीरगंगेवरून परत आलो, ८२ हजार घालवून

बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं, कारण स्वतःचा गाढवपणा चारचौघात सांगायला लाज वाटते. पण परवा ओळखीतल्या एका पोराने विचारलं, दादा एक जण पिन पार्वती स्वस्तात नेतोय, जाऊ का, आणि त्याने पाठवलेला नंबर बघितला तर आम्हाला फसवणाऱ्याचाच. नाव लिहीत नाही, केस चालू आहे.

आम्ही चौघं पुण्याचे. सह्याद्रीतलं अलंग-मदन-कुलंग झालेलं, नळीची वाट झालेली, के टू एस म्हणजे कात्रज ते सिंहगड तर दर वर्षी. हिमाचलमधली पिन पार्वती खिंड कधीची डोक्यात होती. कुल्लूच्या बाजूने बरशैणीवरून सुरू करायचं, खीरगंगा, टुंडा भुज, मानतलाई, मग ५३१९ मीटरची खिंड चढून पलीकडे स्पितीत मूध गावात उतरायचं, शंभर किलोमीटरच्या वर चाल. अलीकडे सगळं हिरवं आणि पलीकडे एकदम उघडेबोडके डोंगर. वरती बर्फात भेगा असतात, दोर बांधून चालावं लागतं. आणि मानतलाईच्या पुढे काही झालं तर मधूनच सटकायला गाडीरस्ता नाही, पुढे जा नाहीतर आल्या वाटेने मागे.

हे सगळं आम्हाला माहीत होतं, म्हणजे वाचलेलं होतं. सहा महिने तयारी केली, दर शनिवारी पाठीवर १२ किलो घेऊन सिंहगड, कुणाचे गुडघे, कुणाचे बूट, सगळ्याची एक्सेल शीट. ज्या माणसाबरोबर जायचं त्याच्यासाठी त्या शीटमध्ये एक रकाना नव्हता.

हा माणूस इन्स्टावर सापडला. मराठी, सर वगैरे नाही, थेट 'भावा'. बाकीचे लोक १० ते ११ दिवस सांगत होते आणि आमची सुट्टी बसेना, सगळ्यांना गणपतीच्या आत घरी यायचं होतं. हा म्हणाला, के टू एस किती वेळात करता? सांगितलं. तर म्हणे, मग तुम्हाला ११ दिवस कशाला लागतात भावा, ते गुजराती काकालोकांसाठी असतात, तुम्ही ७ दिवसांत आरामात. खरं सांगतो, त्याच वाक्याला आम्ही विकलो गेलो. तीन हजार मीटरच्या वर झोपायची उंची दिवसाला ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, हे आम्हाला पाठ होतं. विरळ हवेला तुमच्या पायाच्या ताकदीशी काही देणंघेणं नसतं हेही पाठ होतं. पण कौतुक केलं की डोकं बंद पडतं, काय करणार.

रेट माणशी २६ हजार. आधी ५२ हजार त्याच्या पर्सनल खात्यावर, का तर जीएसटी वाचतो. मग पोर्टर आणि खेचरवाले ॲडव्हान्सशिवाय येत नाहीत म्हणून अजून ३० हजार. मध्ये आम्हाला थोडी शंका आली तेव्हा त्याने धडाधड कागद पाठवले. ते कागद आज बघितले की डोक्याला हात लावतो. पिन व्हॅली नॅशनल पार्कचं परमिट, त्यावर शिक्का कुल्लूचा! पिन व्हॅली लाहौल-स्पिती जिल्ह्यात आहे, आम्ही सहा महिने नकाशे बघत होतो आणि चौघांपैकी एकालाही हे दिसलं नाही. गाइडचं सर्टिफिकेट होतं, त्यात 'ॲडव्हान्स कोर्स, १० दिवस'. उत्तरकाशीच्या गिर्यारोहण संस्थेतला ॲडव्हान्स कोर्स २८ दिवसांचा असतो, आमच्यातल्या एकाचा चुलतभाऊच करून आलाय, एक फोन लावला असता तर कळलं असतं. वर म्हणे बरोबर सॅटेलाइट फोन असेल. आपल्याकडे सरकारी परवानगीशिवाय तो जवळ बाळगणं हाच गुन्हा आहे, आणि आम्ही खूश, की बघा किती सेफ्टी.

भुंतरला उतरलो तेव्हा त्याचा फोन लागत होता, बरशैणीला पोचलो तेव्हा बंद. तिथे एक विशीतला पोरगा उभा होता, चार जणांची दोन टेंट आणि एक पोतं घेऊन. खेचर नाही, दुसरा पोर्टर नाही. पाऊस धो धो. म्हटलं नेटवर्क नसेल, बाकीचे वर भेटतील. चाललो.

खीरगंगेला संध्याकाळी त्याला म्हटलं सामान दाखव एकदा. पोत्यातून तांदूळ, मॅगीची पाकिटं, एक स्टोव्ह आणि तळातून दोर निघाला. पिवळा, प्लास्टिकचा, ट्रकवर ताडपत्री आवळायला वापरतात ना तो. गाठ मारली तर बसेना, ताठच्या ताठ, सोडली की उलगडायची. क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फात चालायला बुटाखाली लावायचे काटे, विचारले तर त्याला वाटलं आम्ही खायचं काहीतरी मागतोय. मग बिचारा स्वतःच बोलला, "सर, मैं मानतलाई तक दो बार गया हूँ, पास के उस तरफ कभी नहीं गया. और मुझे अभी तक एक रुपया नहीं मिला." त्याला सांगितलेलं की पार्टी मानतलाई बघून परत फिरणार आहे.

रात्री भांडण झालं. दोघांचं म्हणणं, आलोच आहोत तर मानतलाई तरी करू. मी त्या दोघांतलाच होतो, खोटं कशाला बोलू. तिसऱ्याने काही न बोलता तो दोर माझ्या मांडीवर आणून टाकला. सकाळी खाली उतरलो. पोराला आम्हीच सहा हजार दिले, नको नको म्हणत होता.

घरी येऊन १९३० ला, म्हणजे ऑनलाइन फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन केला, पण पहिले पैसे देऊन दोन महिने झालेले. पैसे पुढे सरकायच्या आत कळवलं तरच काही थांबवता येतं. पोलीस चौकीत सांगितलं, साहेब ट्रेकला माणूस तर आलाच होता ना, हे दिवाणी मॅटर आहे. मग ग्राहक आयोगात गेलो. २०१९ च्या कायद्यामुळे आपण राहतो तिथेच तक्रार करता येते, कुल्लूला हेलपाटे नाहीत, आणि पाच लाखांपर्यंत फी पण नाही. नोटीस गेल्यावर त्याने १५ हजार परत पाठवले आणि मेसेज, 'भावा आपसात मिटवू'. मिटवलं नाही. दोन तारखा झाल्या, एकदाही आला नाही.

आणि ओळखीतल्या त्या पोराने मला जो नंबर पाठवला, त्याच्यासोबत त्या माणसाच्या नव्या पेजचा फोटो होता. नवीन नाव, नवीन लोगो, 'पिन पार्वती सक्सेसफुल बॅच'. फोटोत आम्ही चौघं, खीरगंगेहून उतरायच्या आधी बरशैणीच्या पोराने काढलेला, तोंडं पडलेली पण लांबून हसल्यासारखी दिसतात. दोर माझ्या खांद्यावर.