मिसळीच्या गल्ल्यावर कॅश ड्रॉवर : आठ महिन्यांच्या वापरानंतर

कोल्हापुरात महाद्वार रोडलगतच्या एका गल्लीत आमचे मिसळीचे दुकान आहे. सकाळी सात ते दुपारी दोन एवढाच धंदा असला, तरी आठ ते दहा या वेळेत गल्ल्यावर बसलेल्या माणसाला मान वर करायची सवड नसते. आबांच्या काळापासून लाकडी गल्ला होता आणि रोज दोनशे-तीनशेची तूट ठरलेली होती. संशय अर्थातच वाढपाच्या पोरांवर जायचा. शेवटी आठ महिन्यांपूर्वी बिलिंग मशीन, तिच्या प्रिंटरला जोडलेला कॅश ड्रॉवर आणि नोटा मोजण्याचे यंत्र अशा तीन वस्तू घेतल्या. त्यांपैकी दोन उपयोगी ठरल्या.

ड्रॉवरचे काम साधे आहे. रोखीचे बिल छापले की तो आपोआप उघडतो. बिल न करता बटण दाबून उघडला, तर ती वेळ मशीनमध्ये नोंदली जाते. पहिल्या महिन्याच्या अखेरीस मी ही नोंद काढली, तेव्हा बिलाविना उघडल्याच्या बहुतेक वेळा माझ्याच होत्या. ब्रेडवाल्याचे पैसे, कोथिंबिरीच्या चार पेंड्या, मुलीच्या रिक्षाचे भाडे, देवळात जाताना आबांनी मागितलेले फुलांचे वीस रुपये, असे सगळे मीच गल्ल्यातून काढून देत होतो आणि कोठेही लिहीत नव्हतो. ज्या पोरांकडे मी वर्षभर तिरक्या नजरेने पाहिले, त्यांचा या तुटीशी फारसा संबंध नव्हता, हे स्वतःशी कबूल करायला मला दोन दिवस लागले.

तेव्हापासून गल्ल्यातून काढलेल्या प्रत्येक रकमेची चिठ्ठी ड्रॉवरमध्येच टाकायची, असा नियम केला. घरखर्चासाठी उचल घेतली तरी चिठ्ठी हवीच. दुसरा बदल दुपारच्या मोजणीचा. धाकटा भाऊ रोकड मोजून आकडा कागदावर लिहितो आणि त्यानंतरच मी मशीनमधला आकडा पाहतो. आधी आकडा दिसला, की मोजणारा नकळत त्या आकड्याशी जुळवून घेतो, हा अनुभव आम्ही घेतलेला आहे.

उरलेला फरक कशाचा आहे, हेही हळूहळू कळू लागले. आमची मिसळ 80 रुपयांना आहे. तूट 80, 160 किंवा 240 अशी आली, की गिऱ्हाइकाने स्कॅन करून दिलेले पैसे मशीनवर रोखीत नोंदले गेले, असे समजावे. साउंड बॉक्स ओरडतो, पण गर्दीत नुसता आवाज ऐकून बटण दाबणारा चुकतोच. तूट बरोबर 180 असली, तर वीसची म्हणून दोनशेची नोट दिली गेली असण्याचा संभव मोठा. दोनशेची नोट गडद पिवळी आणि 2019 पासूनची वीसची हिरवट पिवळी. लांबीत 17 मिलिमीटरचा फरक असला, तरी घडी घातलेली नोट कळत नाही. म्हणून या दोन नोटांचे कप्पे आम्ही मुद्दाम दोन टोकांना ठेवले आहेत. पाचशेच्या नोटा तर कप्प्यात ठेवतच नाही. त्या ट्रेखाली सरकवतो आणि दहा हजार जमले, की आतल्या तिजोरीत टाकतो.

सुट्ट्यांचे गणितही बदलावे लागले. एका मिसळीला शंभराची नोट आली तर वीस परत, दोन मिसळींना दोनशेची आली तर चाळीस परत, त्यामुळे सगळा भार वीसच्या नोटांवर पडतो. आता सकाळी वीसच्या 50, दहाच्या 50 आणि पन्नासच्या 10 नोटा, म्हणजे 2,000 रुपये आणि शिवाय थोडी चिल्लर घेऊन आम्ही गल्ला उघडतो. नवरात्रात हे सुट्टे साडेनवालाच संपले. तेथून पुढे दुप्पट ठेवू लागलो.

नोटा मोजण्याच्या यंत्राने मात्र निराशा केली. मिसळीच्या गल्ल्यातल्या नोटा कोरड्या नसतात. कटाचा तेलकट अंगठा लागलेली नोट पुढच्या नोटेला चिकटून जाते, यंत्र अडते, आणि पुसून पुन्हा मोजेपर्यंत भाऊ हाताने गड्डी बांधून मोकळा झालेला असतो. त्यातून आमचे यंत्र नुसत्या नोटा मोजते, मिश्र नोटांची रक्कम सांगत नाही. रोज पाच-दहा हजारांची रोकड असलेल्या दुकानाने हे यंत्र घेऊ नये, असे माझे मत आहे.

ड्रॉवरबद्दल तक्रारी आहेत, पण मोठ्या नाहीत. थर्मल कागदावरची छपाई शेगडीच्या उष्णतेने काळवंडते, म्हणून दिवसअखेरची पावती वहीत उतरवून ठेवावी लागते. सहाव्या महिन्यात नाण्यांच्या ओझ्याने रूळ अडकू लागला. विक्रेत्याने तीन आठवडे नुसत्या तारखा दिल्या, अखेर ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्याने तो सरळ करून दिला. रोखीत देता येण्यालाही मर्यादा आहे. एकाच व्यापाऱ्याला एका दिवसात दहा हजारांपेक्षा जास्त रोख दिली, तर ती रक्कम प्राप्तिकरात सहसा खर्च म्हणून धरली जात नाही. त्यामुळे लक्ष्मीपुरीतल्या मटकीचे मोठे बिल आता बँकेतूनच जाते.

राहिला प्रश्न चावीचा. वीज गेली की ड्रॉवर चावीने उघडावा लागतो आणि त्या उघडण्याची नोंद कोठेच होत नाही. चावी सध्या आबांकडे आहे. फुलांच्या वीस रुपयांची चिठ्ठी ते अजूनही विसरतात.