आंघोळीच्या वेळी कामी येतं का? डिमेन्शियाच्या प्रशिक्षणांची पारख

डिमेन्शियाच्या, म्हणजे वाढत जाणाऱ्या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची काळजी कशी घ्यावी हे शिकवणाऱ्या प्रशिक्षणांना हल्ली तोटा नाही. मोफत ऑनलाइन कोर्स आहेत, एका दिवसाच्या कार्यशाळा आहेत, चष्मे-हातमोजे चढवून ‘अनुभव’ देणारी सत्रं आहेत, नर्सिंग आणि मेडिकलच्या अभ्यासक्रमातली दोन-चार व्याख्यानंही आहेत. प्रमाणपत्र बहुतेक ठिकाणी मिळतं आणि त्यावरून माणूस हजर होता एवढं कळतं. इथे कसोटी वेगळी लावली आहे: शिकून दोन-तीन महिने झाल्यावर, रुग्णाला आंघोळ घालताना त्या माणसाचे हात वेगळे चालतात का?

आंघोळच का, तर रोजच्या कामांत सगळ्यात जास्त झटापट तिथे होते आणि शिकण्यातली कसर तिथेच उघडी पडते. न शिकलेला माणूस बाजूने येतो, ‘चला, आंघोळ’ म्हणतो, दंडाला धरून उठवतो, कपडे भराभर उतरवतो आणि थेट डोक्यावर पाणी सोडतो. समोरच्याच्या जागी बसून बघा. नजरेचा आवाका आकसलेला असतो, त्यामुळे बाजूने आलेला हात एकदम हवेतून उगवल्यासारखा वाटतो. कोणीतरी अनोळखी आपले कपडे ओढतंय. अंगावर काटा येतोय, कानांत पाण्याचा धो-धो आवाज आहे. तो हात झटकतो, ओरडतो, एखादा फटकाही देतो. मग नोंदवहीत दोन शब्द पडतात: ‘रुग्ण आक्रमक’.

नीट शिकलेला माणूस आधी खोली उबदार करतो. टॉवेल, साबण, कोरडे कपडे हाताशी मांडून ठेवतो, कारण मध्येच काही आणायला उठलं की सगळं पहिल्यापासून. तो समोरून येतो, हातभर अंतरावर थांबतो, नाव घेतो आणि नजरानजर होईपर्यंत पुढे सरकत नाही. खांद्यांवरून आणि मांडीवरून टॉवेल तसाच राहू देतो, धुवायचा तेवढाच भाग उघडा करतो. सुरुवात पायांपासून, चेहरा आणि डोकं शेवटी, आणि केसांवरून रोजच रड होत असेल तर केस दुसऱ्या दिवशी, वेगळ्या वेळी. धुवायचा रुमाल रुग्णाच्याच हातात देतो. नकार आला तर हुज्जत न घालता मागे होतो आणि पंधरा-वीस मिनिटांनी नव्याने सुरुवात करतो. यातलं काहीच महागडं नाही. अमेरिकेतल्या नर्सिंग होममध्ये अशा पद्धतीची रीतसर चाचणी झाली आणि २००४ मध्ये तिचे निष्कर्ष आले: माणूस बघून घातलेली आंघोळ असो की अंथरुणातच कोमट ओल्या टॉवेलांनी केलेली, दोन्हींत आक्रमकतेचे प्रसंग निम्म्याहून जास्त घटले.

हे हातांचं शिक्षण आहे, आणि ऑनलाइन कोर्स इथेच उणे पडतात. जागतिक आरोग्य संघटनेचा ‘आयसपोर्ट’ घ्या. घरच्या काळजीवाहकांसाठी २०१९ मध्ये आलेला, पाच भाग, तेवीस पाठ: आजाराची ओळख, काळजीवाहकाची भूमिका, स्वतःची काळजी, रोजची कामं आणि बदललेलं वागणं. प्रत्येक पाठात एखादा प्रसंग, मग प्रश्न, आणि उत्तर दिल्याबरोबर ते का बरोबर किंवा का चूक याचा खुलासा. मोबाइलवर थोडं-थोडं करता येतं आणि स्वतःच्या प्रकृतीचा भाग तोंडदेखला नाही, ही जमेची बाजू. पण हात कसा धरायचा हे वाचून येत नाही, आणि अगदी शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णासाठी यात फार हाती लागत नाही. सुरुवातीच्या छोट्या चाचण्यांत अर्ध्यावर सोडणारे बरेच निघाले, काळजीवाहकांवरचं ओझं ठळकपणे उतरल्याचंही दिसलं नाही. आमचं मत: पहिल्या महिन्यासाठी उत्तम, पण एकट्याने नको. आठवड्यातून एकदा फोनवर विचारपूस करणारं कोणीतरी जोडीला हवं.

ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया विद्यापीठाचा मोफत कोर्स वेगळ्या जातीचा आहे. मेंदू, आजार आणि माणूस असे त्याचे तीन भाग. मेंदूचा कुठला भाग झिजला की कुठलं वागणं बदलतं हे तो छान उलगडतो. विद्यार्थ्यांनी तो जरूर करावा. घरच्यांपैकी ज्यांना ‘हे असं का होतंय’ हा प्रश्न छळतो, त्यांनाही उपयोग होईल. ‘आज संध्याकाळी काय करू’ याचं उत्तर मात्र तिथे शोधायला जाऊ नये.

अनुभव-सत्रांबद्दल आमचं मत विभागलेलं आहे. धूसर चष्मा, जाड हातमोजे, बुटांत टोचणारे तळवे, कानांत गोंगाट आणि अंधुक खोलीत पाच साधी कामं. दहा मिनिटांच्या आत बाहेर आलेला माणूस हादरलेला असतो. तो हादरा खरा, पण मोजे-चष्म्यांनी आंधळेपणा आणि बधिरपणा कळतो. विस्मरण आणि शब्द हरवणं कळत नाही. नंतरची चर्चा निदान अर्धा तास झाली नाही तर माणूस भीती आणि कीव घेऊन घरी जातो, आणि ज्याची कीव येते त्याला कोणी विचारत नाही, त्याचं सगळं आपणच करून टाकतो. चर्चेला तेवढा वेळ ठेवलेला नसेल तर पैसे वाचवा.

एका दिवसाच्या, एकशे वीस स्लाइडच्या कार्यशाळा? सोडून द्या.

वेळेबद्दल थोडं नेमकं बोलता येतं. डिमेन्शियाच्या प्रशिक्षणांवरच्या अभ्यासांचा २०१७ मध्ये मोठा आढावा निघाला. त्यात परिणामकारक ठरलेल्या प्रशिक्षणांत काही गोष्टी सारख्या सापडल्या: एकूण किमान आठ तास, प्रत्येक बैठक दीड तास किंवा जास्त, समोरासमोर शिकवणारा अनुभवी माणूस, आणि शिकलेलं कामावर वापरायला मदत. आमच्या मते हेच आठ तास सलग करण्यापेक्षा आठवड्याच्या अंतराने चार बैठका बऱ्या. मधल्या आठवड्यात एकच गोष्ट करून बघायची आणि पुढच्या बैठकीत फसलं ते सांगायचं. फसलेल्या गोष्टींवर वेळ देणारा शिक्षक दिसला की समजावं, जागा बरी आहे.

‘हाताखाली हात’ हेच उदाहरण घ्या. डिमेन्शियाच्या काळजीचं प्रशिक्षण देणाऱ्या अमेरिकेतल्या टीपा स्नो यांच्यामुळे हे तंत्र बरंच पसरलं. हस्तांदोलन करतो तसा हात पुढे करायचा, मग पकड वळवून अंगठ्याभोवती अंगठा अडकवायचा, तळव्याला तळवा लागलेला, आपला हात खाली आणि रुग्णाचा वर. घास, रुमाल, दात घासण्याचा ब्रश आपल्या बोटांत. हालचाल दोघांची मिळून. हात वर असल्यामुळे आपल्याला कोणी धरलंय असं त्याला वाटत नाही आणि जन्मभराच्या सवयीची हालचाल पुष्कळदा आपोआप सुरू होते. वर्गात हे दोन मिनिटांत ‘येतं’. कामावर फसतं ते दोन ठिकाणी: पकड वळवायची राहते आणि नुसतं हस्तांदोलन होतं, किंवा घाई झाली की तोच हात ओढायला वापरला जातो. म्हणून किमान वीस वेळा, वेगवेगळ्या जोडीदारांबरोबर, उभं आणि बसून, असा सराव घेतात का ते विचारा.

अभ्यासक्रम तपासताना आम्ही आधी चार जागा बघतो. पहिली, एकाएकी वाढलेला गोंधळ. डिमेन्शिया महिन्या-वर्षांनी वाढतो. दोन दिवसांत माणूस पार बदलला तर ते डेलिरियम, म्हणजे शरीरातल्या दुसऱ्या बिघाडामुळे एकाएकी आलेला गोंधळ असू शकतो, आणि त्यामागे लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, नवं औषध, कमी पडलेलं पाणी असं काहीतरी निघतं. ‘आजार वाढला’ म्हणून बसून राहिलं की जिवावर बेततं. दुसरी, वेदना. बोलता न येणाऱ्याची वेदना ‘पेनॅड’ मापाने बघतात: श्वास, आवाज, चेहरा, शरीराची ठेवण आणि समजावल्यावर शांत होणं, प्रत्येकी ० ते २, एकूण १०. हे माप पाच मिनिटांत शिकून होतं, तरी अनेक कोर्समध्ये त्याचा पत्ता नसतो. तिसरी, अल्झायमरखेरीजचे प्रकार. लेवी बॉडी डिमेन्शियात हॅलोपेरिडॉलसारखं अँटिसायकोटिक (भ्रम-भासांवरचं) औषध जिवावर बेतू शकतं. विद्यार्थ्याला हे ठाऊक नसेल तर कोर्स नापास. आणि चौथी, वागणुकीवर पहिला उपाय म्हणून औषध शिकवतात का. डिमेन्शिया असलेल्या वृद्धांत नव्या पिढीच्या अँटिसायकोटिक औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २००५ मध्येच दिलेला आहे.

विद्यार्थ्यांसाठी व्याख्यानांपेक्षा सहवास जास्त काम करतो. इंग्लंडमध्ये ब्रायटन आणि ससेक्सच्या मेडिकल कॉलेजमधून सुरू झालेल्या ‘टाइम फॉर डिमेन्शिया’ उपक्रमात विद्यार्थी जोडीने एकाच कुटुंबाला दीर्घ काळ भेटत राहतात. तिथे ते उपचार करायला जात नाहीत, ऐकायला जातात. वॉर्डात भेटणारा रुग्ण बहुधा त्याच्या सगळ्यात वाईट दिवशी भेटलेला असतो, आणि त्यावरूनच मत बनवलेला विद्यार्थी पुढे तसाच डॉक्टर होतो.

आता मोजमाप. ‘आमच्या सहभागींचे गुण ४० टक्क्यांनी वाढले’ अशी जाहिरात दिसली की कुठली प्रश्नावली वापरली ते विचारा. अल्झायमरविषयीचं ज्ञान तपासणाऱ्या ‘एडीकेएस’मध्ये तीस विधानं आहेत, चूक की बरोबर. डोळे झाकून खुणा केल्या तरी सरासरी पंधरा जमतात. शिवाय ती फक्त अल्झायमरवर आहे आणि आरोग्य क्षेत्रातली माणसं मुळातच इतके गुण मिळवतात की वाढायला जागा उरत नाही. डिमेन्शियाविषयीचं ज्ञान तपासणारी ‘डीकेएएस’ त्यापेक्षा बरी: पंचवीस विधानं, ‘माहीत नाही’ची सोय, कमाल ५० गुण, डिमेन्शियाच्या सगळ्या प्रकारांना धरून. डिमेन्शियाकडे बघण्याची वृत्ती तपासायला वीस विधानांची ‘डीएएस’ आहे, २० ते १४० गुणांची. तिच्यात एक अडचण आहे: प्रशिक्षणानंतर कुठलं उत्तर शोभून दिसतं हे कोणालाही कळतं.

आत्मविश्वासाचे गुण तर उलटेही पडतात. आधी ‘मला सगळं जमतं’ म्हणणारा माणूस शिकल्यावर स्वतःला कमी गुण देतो, कारण काय जमत नाही ते त्याला आत्ता कळलेलं असतं. हे अपयश धरू नये. घरच्यांचं ओझं मोजणारी झरिट प्रश्नावली (बावीस प्रश्न, ० ते ८८) हीसुद्धा जपून वाचावी. आजार पुढे सरकत असतो, त्यामुळे तीन महिन्यांत आकडा तेवढाच राहिला तरी ते यश असू शकतं. न शिकलेल्या घरांशी तुलना केल्याशिवाय ते कळणार नाही. आणि ज्यांच्यावर सगळ्यात जास्त भार असतो तेच कोर्स अर्ध्यावर सोडतात, म्हणजे शेवटी उरलेल्यांची सरासरी आपोआप छान दिसते. सुरू किती जणांनी केला आणि पुरा किती जणांनी, हे दोन आकडे न देणाऱ्या अहवालावर आम्ही वेळ घालवत नाही. (वर्गाच्या वेळात रुग्णाजवळ बसायला माणूस पुरवला तर गळती कमी होते. हा खर्च आयोजकांच्या अंदाजपत्रकात क्वचितच दिसतो.)

डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षणाचं मूल्यमापन चार पायऱ्यांत मांडलं: आवडलं का, शिकले का, वागणं बदललं का, परिणाम दिसला का. बहुतेक संस्था दुसऱ्या पायरीवर प्रमाणपत्र वाटून मोकळ्या होतात. तिसरी पायरी मोजायला फार काही लागत नाही. दहा मिनिटांचं नाट्यरूप प्रात्यक्षिक प्रशिक्षणाआधी, लगेच नंतर आणि तीन महिन्यांनी घ्यावं. गुण देणाऱ्याला कोण शिकलेला आहे हे माहीत नसावं. त्याने चारच गोष्टी मोजाव्यात: एका दमात किती सूचना दिल्या, प्रत्येक सूचनेनंतर किती सेकंद वाट पाहिली, ‘आठवतंय का?’ किती वेळा विचारलं, आणि रुग्णाच्या अंगाला हात लावण्याआधी नजर मिळवली की नाही. पाच सेकंदही न थांबणारा माणूस तीन महिन्यांनी दहा सेकंद थांबायला लागला, तर प्रशिक्षण अंगी लागलं.

चौथ्या पायरीसाठी नोंदवही पुरते. आधीच्या आणि नंतरच्या चार आठवड्यांची पानं शेजारी ठेवा. ‘रुग्ण आक्रमक’ किती वेळा आलं ते मोजा, आणि त्याआधी काय घडलं हे किती ठिकाणी लिहिलंय तेही मोजा. ‘पाणी गार होतं, ओरडल्या, थांबलो, वीस मिनिटांनी पाय धुऊ दिले’ अशी एक ओळ वाचली की लिहिणाऱ्याला कारण शोधता येतंय हे कळतं. सुरुवातीच्या महिन्यात अशा नोंदींमुळे प्रसंगांची संख्या वाढलेली दिसेल. आधी कोणी लिहीतच नव्हतं म्हणून. व्यवस्थापकांनी तेवढ्यावरून कोर्स बंद करू नये, दुसरा आणि तिसरा महिनाही बघावा.