पी-टू-पीवर यूएसडीटी विकताना: काही महिन्यांच्या वापरानंतर

पी-टू-पी म्हणजे ॲपवर थेट दुसऱ्या माणसाला विकणं, आणि यूएसडीटी म्हणजे डॉलरशी किंमत बांधलेलं क्रिप्टो कॉइन. रेट चांगला, ॲप सुटसुटीत, एस्क्रो (सौदा पुरा होईपर्यंत कॉइन ॲपच्या ताब्यात ठेवायची सोय) चोख. एवढं असूनही माझ्या बँक खात्यातले अठरा हजार रुपये होल्डवर गेले, आणि त्यात ॲपचं काहीच बिघडलेलं नव्हतं. नवीन विकणाऱ्यांना बहुतेक वेळा हेच कुणी सांगत नाही, म्हणून लिहितोय.

आधी थोडी पार्श्वभूमी. बेळगावच्या उद्यमबागेत माझं कॅड ड्रॉइंगचं (कॉम्प्युटरवर आराखडे काढायचं) काम आहे. 2021 च्या तेजीत घेतलेले कॉइन यूएसडीटी करून ठेवले होते, ते गरजेप्रमाणे विकतो. ऑर्डर आली की तुमचे यूएसडीटी एस्क्रोत लॉक होतात, समोरचा यूपीआय किंवा आयएमपीएसने पैसे पाठवतो, तुम्ही खातं बघून रिलीज दाबता. रिलीज होईपर्यंत ॲप तुमचं राखण करतं. पण एकदा रिलीज झाल्यावर कॉइन गेले ते गेलेच, ब्लॉकचेनवर परत फिरवायची सोय नाही. रुपयाचं मात्र तसं नसतं.

यूपीआयने आलेले पैसे पाठवणारा मनात आलं म्हणून ओढून घेऊ शकत नाही, हे खरं. परदेशी बाजारात पेपालवर विकणाऱ्यांचे हाल याहून वाईट, तिथे खरेदीदाराला तक्रार करायला 180 दिवस असतात. आपल्याकडे धोका वेगळ्या वाटेने येतो. समजा, कुणाची तरी ऑनलाइन फसवणूक झाली. चोराने ते पैसे दोन-तीन खात्यांतून फिरवले आणि शेवटी तुमच्याकडून यूएसडीटी घेतले. फसलेला माणूस सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन करतो, सरकारी पोर्टलवर तक्रार चढते, आणि पैशांचा माग काढत एकेक बँक खात्यावर लियन मारत जाते, म्हणजे तेवढी रक्कम अडकवून ठेवते. चोराकडे आता यूएसडीटी आणि तुमच्याकडे त्याचे रुपये. साहजिकच माग तुमच्या दारात येऊन थांबतो.

माझं नेमकं हेच झालं. पैसे देणाऱ्याचं नाव केवायसीच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळत होतं, ऑर्डर सुरळीत पार पडली होती. काही आठवड्यांनी एका सप्लायरचं पेमेंट जाईना म्हणून शाखेत गेलो. काउंटरवरच्या बाईंनी स्क्रीन बघून कानडीत सांगितलं, "लियन हाक्यार री," म्हणजे लियन टाकलंय. कुणी? दुसऱ्या राज्यातल्या सायबर ठाण्याने. बँकेच्या हातात काही नाही म्हणे, तपास अधिकाऱ्याचं पत्र आणा. नशीब की वादातली रक्कमच अडकली. आमच्या ओळखीतल्या निपाणीच्या एका तंबाखूवाल्याचं आख्खं चालू खातं गोठलं होतं, कामगारांची मजुरी द्यायलाही पैसे निघेनात. पोलिसांना हा अधिकार पूर्वी सीआरपीसी या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या कलम 102 ने होता, 1 जुलै 2024 पासून त्याच्या जागी आलेल्या बीएनएसएसच्या कलम 106 ने आहे.

त्या ठाण्याला मी ईमेलने ऑर्डर क्रमांक, चॅटचे स्क्रीनशॉट, ट्रान्झॅक्शन हॅश (ब्लॉकचेनवरचा व्यवहार क्रमांक), खरेदीदाराचं केवायसीतलं नाव आणि बँक स्टेटमेंट पाठवलं. अधिकारी सभ्य होते, पण त्यांच्या टेबलावर माझ्यासारखे ढीगभर. लियन अजून निघालेलं नाही.

आता विकताना काय करतो? पी-टू-पीसाठी वेगळं खातं, त्यात घरखर्च नाही, ईएमआय नाही. जुना, भरपूर ऑर्डर पूर्ण केलेला खरेदीदारच घेतो, रेट पन्नास पैसे कमी मिळाला तरी चालेल. एसएमएसवर भरवसा ठेवत नाही, बँकेचं ॲप उघडून बॅलन्स आणि पाठवणाऱ्याचं नाव बघतो. मध्ये एकाचा मेसेज, "भाई जल्दी रिलीज करो, हॉस्पिटल में हूं," सोबत पेमेंटचा स्क्रीनशॉट. खात्यात पैसे आले होते, पण भलत्याच बाईच्या नावाने. म्हणे, माझी वहिनी. मी रिलीज केलं नाही, ॲपकडे अपील टाकलं आणि पैसे ज्या खात्यातून आले त्याच खात्यात परत केले. त्याने दुसरा यूपीआय आयडी दिला होता, तिकडे पाठवले असते तर बाईंची तक्रार माझ्यावर आली असती. यानंतर हॉस्पिटलमधला तो भाऊ एकदम गप्प.

कराचं थोडक्यात: दर विक्रीला 1 टक्का टीडीएस ॲपच कापतं, तो आयकर खात्याच्या स्टेटमेंटमध्ये दिसतो. नफ्यावर 30 टक्के आणि वर सेस, तोटा वजा मिळत नाही. पण हीच कागदपत्रं मला त्या ठाण्याला पैशांचा हिशेब दाखवायला कामी आली.

पाचपैकी तीन स्टार. एक कापला तो सपोर्टसाठी, ऑर्डर पूर्ण झाली की ते हात झटकतात. खरेदीदाराची माहिती हवी असेल तर पोलिसांनी आम्हाला लिहावं, एवढंच उत्तर येतं. दुसरा कापला कारण रिलीजच्या बटणाशेजारी दहा इशारे आहेत, पण लियन हा शब्द कुठेच नाही.