तेझेचा आठवडा: संडास धुतले, झोप मस्त लागली

आधीच सांगतो, रिसॉर्ट समजून जाऊ नका. फ्रान्समध्ये बर्गंडी भागात टेकडीवर तेझे नावाचं चिमुकलं गाव आहे, तिथे ब्रदर लोकांचा, म्हणजे ख्रिस्ती साधूंचा मठ आहे, कॅथलिक पण आहेत प्रोटेस्टंट पण, आणि उन्हाळ्यात जगभरची तरुण पोरं तिथे एकेक आठवडा राहायला येतात. मी मूळचा वसईचा, स्टुटगार्टला आयटीत, वय २९. गेल्या उन्हाळ्यात रविवार ते रविवार राहून आलो, त्याचा हा रिव्ह्यू.

का गेलो? तर माझा रविवार पार बिघडला होता. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात, रविवारची सुट्टी राज्यघटनेतच घातलीय त्यांनी, पण लॅपटॉप काही दुकान नाही ना, म्हणजे सकाळी चर्चमध्ये मिस्सा (आमची रविवारची उपासना) आणि दुपारी सोमवारच्या रिलीजची तयारी, आणि मिस्सात पण खिशात फोन थरथरला की हात जायचाच.

टीजीव्हीने, म्हणजे फ्रान्सच्या वेगवान ट्रेनने, मॅकॉन-लोशेला उतरायचं, तिथून बस. राहायला बराकीसारख्या खोल्या नाहीतर स्वतःचा तंबू. पैसे देश आणि वय बघून घेतात, कमीच आहेत. आणि पोचल्यावर काम देतात! भांडी घासणं, जेवण वाढणं, झाडलोट, काहीही. मला संडास-बाथरूम आलं, सोबत एक पोलिश मुलगा आणि एक पोर्तुगीज मुलगी, तिघांत मिळून धड एक भाषा नव्हती. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "घरी कधी हात लावलास का रे बाथरूमला?" यावर काय बोलणार.

दिवसातून तीनदा प्रार्थना असते, सकाळी सव्वाआठ, दुपारी १२:२०, रात्री साडेआठ, आणि त्याआधी घंटा वाजतात, चांगल्या जोरात वाजतात. पहिल्या दिवशी मी ब्रश हातात धरून उभा, दोन संडास राहिलेले, म्हटलं एवढं उरकून येतो, तर पोलिश मुलाने बादली भिंतीला लावली आणि हाताने खूण केली, चल. पुढे मग लक्षात आलं की तिथे सगळेच असे निघतात. घंटा झाली की काम जिथे असेल तिथे ठेवायचं, संपलं की नाही कोणी विचारत नाही. मला दोन दिवस ते राहिलेले दोन संडास डोक्यातून जाईनात, खरंच सांगतो, प्रार्थनेत बसून तेच.

मंगळवारी एकदम आजोबा आठवले. आमच्याकडे वाडीत केळीला पाणी सोडलेलं असायचं आणि चर्चची बाराची घंटा झाली की ते फावडं तिथेच रोवून टोपी काढायचे, त्रिकाळ प्रार्थना म्हणायचे आणि मग परत पाटाकडे. तेवढ्यात पाणी दुसऱ्याच वाफ्यात गेलेलं असायचं आणि आजी ओरडायची. लहानपणी मला ते म्हाताऱ्या माणसांचं काहीतरी वाटायचं.

चर्च १९६२ चं, आत बाक जवळजवळ नाहीतच, सगळे जमिनीवर, पुढे नारिंगी कापडं आणि मेणबत्त्या. गाणी एकेका ओळीची, तीच ओळ परत परत, वेगवेगळ्या भाषांत. मध्येच काही मिनिटं पूर्ण शांतता, दोन हजार माणसं आणि फक्त खोकला. मला पहिल्या दिवशी झोप आली, चौथ्या दिवशी नाही आली.

ब्रदर रॉजर हा स्वित्झर्लंडचा माणूस १९४० मध्ये पंचविसाव्या वर्षी इथे आला, युद्धात पळून आलेल्या लोकांना, ज्यूंनापण, लपवून ठेवलं त्याने. सुरुवातीपासून नियम असा की ब्रदर स्वतःसाठी देणगी घेत नाहीत, स्वतःच्या कामावर जगतात, मातीची भांडी बनवून विकतात. आणि गंमत बघा, तिथून जवळच क्लूनी आहे, ९१० मध्ये सुरू झालेला प्रचंड मठ, तिथे प्रार्थना एवढ्या वाढल्या की साधूंच्या हाताला काम जवळपास उरलंच नाही, आणि त्याचाच वैताग येऊन १०९८ मध्ये सितो नावाच्या नव्या मठाचे साधू परत शेतात उतरले. म्हणजे हे काम आणि प्रार्थनेचं गणित जमवायची भानगड हजार वर्षं जुनी आहे, मला उगाच वाटत होतं की ती स्लॅकमुळे, ऑफिसच्या त्या चॅट ॲपमुळे आली.

जेवण साधं. सकाळी ब्रेड, लोणी, चॉकलेटची कांडी आणि वाडग्यात चहा, कप नाही. जेवायला फक्त चमचा. तिखट खाणाऱ्याने लोणच्याची बाटली न्यावी, मी नेली नाही ही माझीच चूक. ज्यांना स्वतंत्र खोली, शांत दुपार आणि एकटेपणा हवाय त्यांनी उन्हाळ्यात जाऊ नये, गर्दी असते, रात्री ऑयाकला, म्हणजे पोरांच्या जमायच्या कट्ट्यावर, गिटार असते. पस्तिशीच्या पुढच्यांनी आधी नीट चौकशी करा, मुख्य कार्यक्रम तरुणांचा आहे.

पाचपैकी साडेचार. अर्धा माझ्या पाठीने कापला, जमिनीवर बसायची सवय गेलीय.

येताना त्यांच्या दुकानातून एक निळसर वाडगा आणला, आता चहा त्यातच. आणि ऑफिसच्या कॅलेंडरला रोज १२:२० ला वीस मिनिटं ब्लॉक टाकलीत, नाव दिलंय 'घंटा'. दोनदा कोणीतरी त्यावर मीटिंग टाकली आणि मी गेलोसुद्धा, तिसऱ्यांदा डिक्लाइन केली, टेस्ट अर्धी रन होत होती तरी उठलो.