गणवेशातल्या पाच वादकांची फुकट मैफल: जावं का?

आधीच सांगून टाकते: जावं, आणि घरातून अर्धा तास लवकर निघावं. पाचपैकी साडेचार तारे. अर्धा कुठे गेला ते पुढे येईलच.

वॉशिंग्टनच्या आसपास राहणाऱ्यांना लष्करी बँड नवे नाहीत. मरीन कोअर, लष्कर, नौदल, हवाई दल, सगळ्यांचे मुख्य बँड इथेच आहेत आणि उन्हाळ्यात कॅपिटॉलच्या पश्चिमेकडच्या पायऱ्यांवर त्यांचे कार्यक्रम होतात. आम्ही व्हर्जिनियात आल्यापासून दर वर्षी एखाद्याला तरी जातो. साठ-सत्तर वादक, ध्वनिक्षेपक, वरून जाणारी विमानं, आणि आपण गवतावर. मजा येते, पण संगीत ऐकलं असं काही म्हणता येत नाही. याच मोठ्या बँडांमधून पाच-पाच जणांचे छोटे चमू निघतात आणि बंद सभागृहात तास-सव्वा तास वाजवतात, हे मला यंदापर्यंत माहीत नव्हतं. लेक दहावीत आहे, शाळेच्या बँडमध्ये फ्रेंच हॉर्न वाजवते. तिच्या बँडच्या शिक्षकांनी सांगितलं, "मोठा कार्यक्रम सोडा, ब्रास क्विंटेट ऐकवा तिला." म्हणजे पितळी फुंकवाद्यांचा पाच जणांचा चमू. म्हणून गेलो.

कुठल्या दलाचा चमू ते मुद्दाम सांगत नाही, कारण पुढे थोडी कुरकुर आहे.

पैशांचं आधी उरकते. तिकीट शून्य, पार्किंग शून्य. हे बँड सरकारी, वादक पगारी सैनिक. त्यामुळे कार्यक्रमाला पैसे घेत नाहीत, दारात देणगीची पेटी नाही, बाहेर टीशर्टचं दुकान नाही. त्यांची ध्वनिमुद्रणंही विकत मिळत नाहीत; मरीन बँडची तर संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात. जागा आधी नोंदवावी लागते, तीही फुकटच. फक्त कार्यक्रमाच्या थोडा वेळ आधी रिकाम्या खुर्च्या बाहेर थांबलेल्यांना देऊन टाकतात. नोंदणी केली आहे म्हणून निवांत गेलात तर उभे राहाल.

आणि उशीर होतोच, कारण सभागृह लष्करी तळाच्या आत आहे. फाटकावर ओळखपत्र, गाडीची डिकी उघडा, हॉर्नची पेटी कसली ते सांगा. (लेकीला आपला हॉर्न बरोबर आणायचा होता, का ते तिलाच ठाऊक.) पेटी उघडून दाखवली तेव्हा पहारेकरी पोरगा हसला, पण तपासायचं ते तपासलंच. फाटकावर पस्तीस मिनिटं गेली. दोन रांगा असून एकच चालू. अर्ध्या ताऱ्यातला मोठा वाटा इथलाच.

आत गेल्यावर मात्र सगळं वेळेवर. म्हणजे लष्करी वेळेवर. साताचा कार्यक्रम साताला. पाच जण आले, राष्ट्रगीत झालं, आपण बसलो.

मांडणी साधी. अर्धवर्तुळाच्या दोन टोकांना दोन ट्रम्पेट समोरासमोर, मधल्या जागांवर हॉर्न आणि ट्रॉम्बोन, आणि बरोबर मध्यभागी ट्यूबा. ट्यूबावाला बसलेला, बाकी चौघे उभे. समोर कंडक्टर नाही. उन्हाळी कार्यक्रमात आणि यात खरा फरक हाच. साठ जणांना हात हलवून एकत्र ठेवणारा माणूस असतो; इथे पाचांनी एकमेकांकडे बघून समेवर यायचं. पहिला ट्रम्पेट वाजवणारी बाई भोंगा अर्धा इंच वर उचलते, नाकाने श्वास घेते, आणि त्या श्वासाच्या लांबीवरून उरलेल्या चौघांना लय कळते. मी तिसऱ्या रांगेत डाव्या कडेला होते, तिथून तो श्वास ऐकू येत होता. जाणार असाल तर कडेलाच बसा. मधून सूर चांगला ऐकू येतो, पण हे दिसत नाही.

सुरुवातीला जुना इटालियन संगीतकार गाब्रिएली. व्हेनिसच्या सेंट मार्कच्या चर्चसाठी, समोरासमोरच्या सज्ज्यांत वादक उभे करून वाजवायचं संगीत, 1597 च्या संग्रहातलं, पाच जणांसाठी बेतलेलं. ते दगडी घुमटात घुमायला हवं. इथे जमिनीला गालिचा, भिंतींना कापड, सूर सुटला की जागच्या जागी संपतो. वादकांचा काही दोष नाही. पण घुमणाऱ्या खोलीत झाकली जाते अशी एकही गोष्ट इथे झाकली जात नव्हती, आणि तरी झाकण्यासारखं काही सापडलं नाही, हेही खरं.

मग व्हिक्टर इवाल्ड. याच्यासाठी मी परत जाईन.

इवाल्ड माझ्या धंद्यातला. मी इमारतींच्या सांगाड्यांचे हिशेब करते. हा माणूस (1860 ते 1935) सेंट पीटर्सबर्गमध्ये सिव्हिल इंजिनिअरिंगचा प्राध्यापक होता. संगीत फावल्या वेळातलं, तेही चेलो. पण ब्रास क्विंटेट वाजवणाऱ्या जगातल्या प्रत्येक चमूच्या फडताळात याचं पुस्तक असतंच. कितीतरी वर्षं याने एकच क्विंटेट लिहिलं असं लोक समजत होते, बाकीची नंतर उजेडात आली. ते "एकच" म्हणजे हे, ओपस 5. हे सुरू होतं ट्यूबाने. एकट्या ट्यूबाने! एरवी ज्याच्या वाट्याला लग्नातल्या लांबच्या काकांसारखं मागे बसून "हं, हं" करणं येतं, तो पहिलं वाक्य बोलतो. आणि हा ट्यूबावाला काय बोलला! गडी सहा फुटांचा, वाद्य सोळा फूट नळीचं, पण सुराला जडपणा म्हणून नाही. चेलो वाजवणाऱ्याने लिहिलंय हे आधी माहीत नसतं तरी कळलं असतं.

दुसऱ्या भागात संथ सुरावट चालू असताना मध्येच लय पाचाच्या हिशेबात धावायला लागते. आपल्या कानाला पाच मात्रा मोजायचं वावडं नाही, झपतालातले दोन-तीन आपण ओळखतो; पण शेजारचे आजोबा पायाने ठेका धरायला गेले, दोनदा चुकले आणि हसून थांबले. त्या धावपळीतून पुन्हा संथ भागात येताना पाचही जण असे थांबले की कुणी थांबवल्यासारखं वाटेना. इथे लेकीने माझा हात दाबला. का ते नंतर गाडीत सांगितलं: हॉर्नवालीला तिथे अगदी हळू सूर धरायचा होता, आणि "आई, तो सूर फुटतोच. आमच्याकडे सगळ्यांचा फुटतो." हॉर्नची नळी बारा फुटांची आणि माउथपीस इवलासा, वरच्या पट्टीत सूर एकमेकांना इतके चिकटलेले असतात की ओठ केसभर हलला तर शेजारचाच लागतो. तिचा फुटला नाही.

तिसरा तुकडा माल्कम अर्नोल्डचा, 1961 चा. अर्नोल्ड स्वतः लंडन फिलहार्मोनिकमध्ये ट्रम्पेट वाजवायचा, त्यामुळे ट्रम्पेटवाल्याला कुठे घाम फुटतो हे त्याला नेमकं माहीत होतं आणि त्याने तिथेच बोट ठेवलं आहे. दोन ट्रम्पेट एकमेकांच्या मागे लागतात. दुसऱ्या ट्रम्पेटवाल्याचे एका जागी दोन सूर गळाले. मला बरंच वाटलं. माणसंच आहेत म्हणायची.

आता कुरकुरीचा दुसरा वाटा. अर्नोल्ड संपल्यावर एक जण माइकपाशी आला आणि विनोद सांगू लागला. ट्यूबावर, हॉर्नमधल्या पाण्यावर. (ती थुंकी नसते, श्वासातली वाफ थंड धातूला लागून झालेलं पाणी असतं, हे त्याने तीनदा सांगितलं.) माइक अवाजवी मोठा. आत्ताच ज्यांनी माइकशिवाय अख्खं सभागृह भरलं होतं, त्यांना बोलायला इतका मोठा माइक कशाला? त्यापेक्षा हातातल्या कागदावर इवाल्डच्या भागांची नावं छापली असती तर लोकांनी मध्येच टाळ्या वाजवल्या नसत्या.

त्यानंतर सैन्यदलांच्या गीतांची मालिका. आपल्या दलाचं गीत लागलं की त्या दलात नोकरी केलेल्यांनी उभं राहायचं अशी पद्धत आहे. संगीत म्हणून हा भाग बेतास बात, एकामागून एक तुकडे जोडलेले. पण पायाने पाच मोजायला गेलेले ते आजोबा नौदलाच्या गीताला उठले. काठी खुर्चीला टेकवून, हात सोडून उभे राहिले. मी ट्रॉम्बोनकडे बघायचं सोडून त्यांच्याकडेच बघत बसले.

शेवटी सूझा, दुसरं काय. सूझा 1880 ते 1892 मरीन बँडचा प्रमुख होता, आणि त्याचं 'स्टार्स अँड स्ट्राइप्स फॉरएव्हर' 1987 पासून कायद्यानेच देशाचं राष्ट्रीय संचलनगीत आहे. ते न वाजवता लष्करी वादकाला घरी जाता येत नसावं. त्यातली पिकोलोची, म्हणजे छोट्या बासरीची, नक्षी इथे चिमुकल्या पिकोलो ट्रम्पेटवर वाजली. सव्वा तास फुंकून झाल्यावर, ओठ सुजलेले असताना. हे मला अर्नोल्डपेक्षाही अवघड वाटलं.

संपल्यावर वादक मंचाखाली येऊन उभे राहतात, त्यांच्याशी बोलता येतं. हे कुठल्याच जाहिरातीत लिहिलेलं नसतं, पण मुलं वाद्य शिकत असतील तर यासाठीच जा. लेकीचा पहिला प्रश्न बंदुकीचा होता. उत्तर दलानुसार बदलतं: लष्कराच्या बँडमधल्यांना इतर सैनिकांसारखं दहा आठवड्यांचं बेसिक ट्रेनिंग करावं लागतं, मरीन बँडमधल्यांना ते माफ आहे, ते थेट स्टाफ सार्जंट होतात आणि करारातच लिहिलेलं असतं की नेमणूक फक्त बँडमध्ये. ऑडिशनला सुरुवातीच्या फेऱ्यांत मध्ये पडदा असतो, वाजवणारा कोण ते परीक्षकांना दिसत नाही. पाचांपैकी चौघांकडे संगीतातली मास्टर्स पदवी होती.

मग लेकीने हॉर्नवालीला तो हळू सूर कसा धरला ते विचारलं. मला वाटलं ती तंत्र सांगेल. तिने सांगितलं की आज सकाळी ती आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत होती, अंत्यसंस्काराच्या बँडमध्ये. तिथे थंडीत वाद्याचा सूर उतरतो, व्हॉल्व्ह गोठतात, धातूचा माउथपीस ओठाला चिकटतो म्हणून प्लास्टिकचा लावतात. त्याच्यावर सूर आणखी निसरडा. समोर घरची माणसं उभी असतात, दुसऱ्यांदा वाजवायची सोय नसते. "तिथे फुटला नाही तर इथे फुटत नाही," एवढंच म्हणाली, आणि खिशातून तो काळा प्लास्टिकचा माउथपीस काढून लेकीच्या हातावर ठेवला. लेकीने तो आपल्या हॉर्नला लावून बघितला, तिथेच, लोकांत. मोठ्याने फुटला. हॉर्नवाली म्हणाली, "बरोबर, असाच फुटतो."

तोवर ट्यूबावाला मंचावरचे स्टँड घडी करून ढकलगाडीवर रचत होता. मोळी बांधणाऱ्यासारखा, सराईत. सामान तेच उचलतात, खुर्च्याही.

माउथपीस परत दिला, निघालो. फाटकावर बाहेर जायला दोन्ही रांगा चालू होत्या.